दिलेली हाक

वृषालीने सुरेंद्र मास्तरांशी दुसरे लग्न केले आणि साक्षी आईचे बोट धरून तेलंगणातल्या नार्नूरला आली. म्हणजे बोट धरण्याचे वय कुठले, पोरगी इंटरला, म्हणजे अकरावीला होती. पण आई-बापाच्या घटस्फोटानंतर एवढे एकच माणूस तिच्या वाट्याला उरले होते. मास्तरांची पहिली बायको बेल्लमपल्लीला वेगळी राहायची. तिची नऊ वर्षांची अर्पिता मात्र इथेच, बापाजवळ. तेलुगू शाळेतली पोर, नव्या आईला ती 'पिन्नी' म्हणायची. पिन्नी म्हणजे मावशी, आणि सावत्र आईसुद्धा. ती हाक आली की वृषालीचा चेहरा उतरायचा.

शेवटी साक्षीलाच आईची दया आली. तिने अर्पिताला गाठले.

"पिन्नी काऊन मनतं? माझ्यावानी माय मन."

"तुझी हाक मले देतं?"

"दिली, घे," साक्षी हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृषाली भाकरी थापत होती. साक्षीने "माय, डबा" म्हटले, तरी तिने मान वळवली नाही. थापण्याच्या आवाजात ऐकू गेले नसेल, साक्षीने मनाची समजूत घातली. तेवढ्यात अंगणातून अर्पिता हळूच "माय" म्हणाली आणि वृषाली पिठाच्या हातांनी धावली.

मग रोज तेच. साक्षी विज्ञान शिकणारी. तिने आईला उतनूरच्या डॉक्टरांकडे नेले. कान चांगले होते. परतताना बसमध्ये वृषालीने तिला खिडकीची जागा दिली आणि आपुलकीने विचारले, "कोन्या वर्गात हाय तू?"

साक्षीचे धाबे दणाणले. घरी येताच ती अर्पिताकडे धावली.

"माझी हाक वापस दे."

अर्पिता रडकुंडीला आली. "मी लय मनून पाह्यलं. पिन्नी तोंडातून निघतच नाही आता."

वृषाली आत कपड्यांच्या घड्या करत होती.

"माय."

काही नाही.

"आई. मम्मी."

काहीच नाही.

साक्षीला रडू आवरेना. तशीच ती म्हणाली, "पिन्नी."

वृषाली लगेच वळली. क्षणभर तिचा चेहरा उतरला, मग ती सावरून हसली.

"आली का पोरी? तुझे कपडे भरून ठेवले. तुझी माय बेल्लमपल्लीहून न्याले येऊन राह्यली."

बाहेर ऑटो थांबला. फाटकाशी एक अनोळखी बाई उतरली. साक्षीला पाहताच तिचे डोळे भरून आले.

"किती वाळली वं माही साक्षी," ती म्हणाली.