उलट्या अक्षरांची अंगठी

डोळे तपासायच्या तक्त्यावरची ओळ त्याने उजवीकडून वाचायला सुरुवात केली, आणि तिला वाटलं, हा चेष्टा करतोय.

"डावीकडून," ती कोरड्या आवाजात म्हणाली. ती दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली होती. दिवसाला पन्नास माणसांना एक डोळा झाका, आता दुसरा झाका, असं सांगून तिचं तोंड दुखायचं. त्यात हा.

"माफ करा... सवय." त्याने काळपट पडलेली बोटं पुढे केली. "छापखान्यात खिळे जुळवतो. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटतं. दिवसभर उलटंच वाचतो."

"दवाखान्यात आलं की सुलटं वाचायचं."

"आधी वाचत होतो. तुम्ही तक्त्याशेजारी येऊन उभ्या राहिलात, आणि..."

ती झटकन पाठ फिरवून खरोखरच काही शोधत असल्यासारखी खण उघडून बसली. खणात फक्त कापूस होता.

चष्मा मिळायला तेव्हा आठवडा लागायचा. हा तिसऱ्याच दिवशी विचारायला आला. चष्मा मिळाल्यावर काडी सैल आहे म्हणून आला. मग धूसर दिसतं म्हणून. तिने काच उजेडात धरली, आपल्या रुमालाने पुसली आणि परत दिली.

"आता?"

"आता फारच स्पष्ट दिसतंय," तो म्हणाला. बघत मात्र तिच्याकडेच होता.

पुढे दोन महिन्यांनी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, एका छत्रीत अर्धे अर्धे भिजत त्याने विचारून टाकलं. ती म्हणाली, "बघू." तिचं ते पालुपदच होतं. चहा हवा का विचारलं तरी ती आधी "बघू" म्हणायची आणि मग दोन कप प्यायची.

"बघू म्हणजे हो, की नाही?"

"बघू म्हणजे बघू."

चार दिवसांनी ती हो म्हणाली. तोवर याचा जीव टांगणीला लागला होता. त्याचा सूड म्हणून त्याने अंगठीत, आतल्या बाजूला, तोच शब्द घालून घ्यायचं ठरवलं. हस्ताक्षर त्याचं मुंगीने शाईत पाय बुडवल्यासारखं. म्हणून त्याने छापखान्यातले सगळ्यात बारीक दोन खिळे, एक 'ब' आणि एक 'घू', सोनाराच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, "हुबेहूब असंच." सोनार कामाचा पक्का. त्याने हुबेहूब तसंच केलं — उठावाचं आणि उलटं.

अंगठी घालायच्या दिवशी ती सगळ्यांच्या हातून फिरली. कुणालाच वाचता येईना. शेवटी त्याच्या वहिनीने ती आरशासमोर धरली आणि म्हणाली, "भावजी, अंगठी उलटी आहे की तुम्ही?" घर हसलं. सगळ्यात जास्त ती स्वतः हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तोही हसला. आणि अंगठी तिच्या बोटात गेली ती गेलीच.

तेहतीस वर्षं झाली त्याला. छापखान्यातले खिळे गेले, यंत्रं आली. तो त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायला बसू लागला. तिचे सांधे कुरकुरू लागले. बोटाचं पेर असं सुजलं की साबण लावा, तेल लावा, अंगठी जागची हलेना. डॉक्टर म्हणाले, बोट वाचवायचं तर अंगठी कापून काढा.

"मग नवीनच घेऊ," तो लगेच म्हणाला. "चांगली, खड्याची. ही मोडून टाकू."

त्याची ती घाई तिला खटकली. तेलाचा डबा घ्यायचा तर हा माणूस तीन दुकानं हिंडतो.

त्या सोनाराच्या दुकानात आता सोनाराची सून बसायची. तिने काचेखाली बोट धरून पाहिलं. "काकू, कापावी तर लागेलच. मग मोडायची, की तुकडा घालून वाढवायची, ते तुम्ही ठरवा. तोवर ही बघा." सुनेने निळ्या खड्याची एक अंगठी तिच्या दुसऱ्या हातात घातली. खडा असा शांत चमकत होता की तिने हात लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. आवडली होती. खोटं कशाला बोला.

"छान दिसतेय," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "एकदा तरी तुला धड अंगठी द्यावी म्हटलं."

"ही काय अधड आहे?"

"किती हसली होतीस त्या दिवशी."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो... तेव्हापासून मनात ठेवलंत?"

"ठेवलं असं नाही. आठवतं अधूनमधून. मी अक्षरांतला माणूस, आणि माझीच चूक बोटात घालून तू जगभर फिरतेस."

तिला वाद घालता आला असता. तो शब्द वितळणार, हे तिला नको होतं. पण तेहतीस वर्षं टोचलेला काटा काढायची एवढीच संधी होती. ती सुनेला म्हणाली, "मोडा. निळी द्या."

बारीक चाक फिरलं. अंगठी उघडली आणि काचेवर टिंगकन पडली. तिने बोट चोळायला हात वळवला, तोच त्याने तिचं मनगट धरलं.

"थांब. चोळू नकोस."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि मुद्रित तपासताना वाकतो तसा वाकला. सुजलेल्या बोटाच्या आतल्या बाजूला, गोऱ्या पट्ट्यावर, शब्द उमटला होता. बारीक, खोल, आणि सुलटा. *बघू*.

सून उगाचच तराजू पुसू लागली.

"बरोबर आलंय," तो म्हणाला. "एकही चूक नाही."

"मग?" तिने विचारलं.

"मोडू नका," तो सुनेला म्हणाला. "वाढवा. आणि त्या दोन अक्षरांना हात लावू नका."

निळी अंगठी तिने स्वतःच काढून ठेवली. ठेवताना एकदा पुसलीही.

बसथांब्यावर तो तिचा हात मांडीवर घेऊन बसला होता. येणारे-जाणारे बघत होते, बघोत. बोटावरची अक्षरं हळूहळू भरत आली, पुसट झाली. शेवटी नुसती गुलाबी कातडी उरली.

"गेलं," तो म्हणाला.

"गुरुवारी मिळणार आहे ना अंगठी परत," ती म्हणाली. "तोवर हात सोडू नका."

बस आली तेव्हा चढताना त्यांना जरा अडचणच झाली.