बॅटरी उतरते

हे माझ्या स्वतःच्या गाडीत घडलंय. कुणाच्या तरी मावसभावाच्या मित्राच्या नाही. भुताखेतांच्या गोष्टींना मी हसायचे. गेल्या थंडीपर्यंत हसायचे.

जागा म्हणाल तर आमच्या घराला लागून असलेला पत्र्याचा आडोसा. गाडी तिथेच उभी असते. मंगळवारची सकाळ होती. मी किल्ली फिरवली आणि...

टक.

नुसतं टक. बॅटरी उतरली होती.

बाबांचं डायलिसिस होतं, सकाळची पहिली पाळी. उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला देतात आणि आपण हात हलवत परत यायचं. टॅक्सी मिळेपर्यंत पाळी गेली. बाबांच्या पावलांवरची सूज संध्याकाळपर्यंत गुडघ्याला पोचली.

मी नवी बॅटरी आणली. तीही उतरली, आणि बाबांची आणखी एक पाळी बुडली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक म्हातारा आहे, सगळे त्याला करंट म्हणतात. त्याला फोन लावून मी ओरडलेच, "अहो, रोज उतरते, रोज उतरते! तुम्ही आजच्या आज या."

शेजारच्या खुर्चीत बाबा दचकले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. तुझी आई असंच म्हणायची."

खरंच म्हणायची. गाडी लावली की बाबा विचारायचे, "उतरलात का सगळे?" आई मागे डाव्या बाजूला पायाने चपला शोधत बसलेली असायची. "उतरते हो, उतरते." तिच्या त्या उतरण्याची आम्ही फार टिंगल करायचो.

ती त्याच सीटवर गेली. दवाखान्याच्या वाटेवर. तिला स्ट्रेचरवर आत नेलं, तेव्हा बाबांनी नेहमीचं "उतरलात का सगळे?" विचारलं नाही. गाडी तशीच लॉक केली.

करंट भर दुपारी आला. बॅटरीची एक वायर सोडवून त्याने मध्ये मीटर जोडला.

"बंद केलेली गाडी थोड्या वेळाने झोपते, ताई. मग बॅटरीतून किती वीज जातेय त्याचा हा आकडा खाली यायला पाहिजे."

आम्ही वाट बघत बसलो.

आकडा खाली आला नाही.

"जागी आहे," तो म्हणाला आणि एकेक फ्यूज काढून बघू लागला. एक फ्यूज काढला तसा आकडा झपकन खाली आला. "हा बघा चोर. मागच्या सीटखाली सेन्सर असतो, कोणी बसलं की कळवणारा. गाडीला वाटतंय, अजून कोणीतरी उतरायचं राहिलंय."

माझा जीव भांड्यात पडला. उद्याची पाळी चुकणार नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला. सीट दबल्यासारखा... कुर्रर्र...

आकडा पुन्हा चढला.

फ्यूज करंटच्या तळहातावरच होता.

त्याने सीटखालचा प्लग उपटला. मीटर बदलून पाहिला. आकडा ढिम्म. मग तो नुसताच कपाळ पुसत उभा राहिला.

बाबा काठी टेकत कधी बाहेर आले, मला कळलंच नाही. त्यांनी मागचं डावं दार उघडलं.

"अगं, उतर आता."

काहीच नाही...

मग खालच्या मॅटवर काहीतरी घासायला लागलं. इकडून तिकडे. तिकडून इकडे. अनवाणी पाय चपला शोधत होता.

त्या दिवशी आम्ही तिला उचलूनच गाडीत घातलं होतं. चपला घालायचं कुणाला सुचणार?

"तिच्या चपला आण," बाबा म्हणाले.

"बाबा, तिचं सगळं देऊन टाकलं आपण. तुम्हीच सांगितलं होतंत."

बाबांनी मान हलवली आणि दार हळूच लावलं. करंट म्हणाला, "वायर सोडून ठेवतो, ताई. निघताना लावा." आणि चहाही न घेता गेला.

सकाळी मी वायर लावायला बाहेर आले.

बाबा गाडीत होते. मागे, उजव्या बाजूला. अंगावर शाल, डोळे मिटलेले. हात लावला तर गार.

त्यांच्या चपला डाव्या बाजूच्या मॅटवर होत्या. घालणाऱ्याला पटकन पाय सरकवता यावा अशा, दाराकडे तोंड करून मांडलेल्या. त्यांचे स्वतःचे सुजलेले पाय उघडेच होते.

मी तिथेच खाली बसले आणि खूप रडले. डॉक्टर म्हणाले, पाळ्या चुकल्या की हृदयावर ताण येतो. असेल. पण मला वाटलं, निदान आई तरी सुटली. बाबांनी तिला उतरवलं.

बाबांचे दिवस झाल्यावर मी करंटला पुन्हा बोलावलं. त्याने मीटर लावला. आम्ही वाट बघितली.

आकडा आधीच्या बरोबर दुप्पट होता.

"विकून टाका, ताई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

आई-बाबा आत बसलेले असताना गाडी कशी विकायची? मी बॅटरी काढून ठेवली आहे. आडोशाकडे शक्यतो जात नाही.

काल मात्र गेले होते. मागची सीट दोन्ही टोकांना दबलेली होती. आई डाव्या बाजूला, बाबा उजव्या. त्यांनी मधली जागा कुणासाठी सोडली आहे, याचा विचार मी करत नाही.