वाटेतलं पाणी

टाकी तापली म्हणून नळीत बर्फाचं पाणी मिसळावं, तर ती आणखी तापते. गारठली म्हणून मिसळणं बंद करावं, तर आणखी गारठते. असं कुठे असतं का? पण मंगळावरच्या कोरडवाडीत आठवडाभर अगदी असंच चाललं होतं, आणि सगळा दोष ढब्बूच्या माथी मारून मंडळी मोकळी झाली होती.

ढब्बू म्हणजे टाकी सांभाळणारा गोलमटोल यंत्रमानव. टाकीत हिरवं शेवाळ वाढायचं आणि त्यातून वाडीला प्राणवायू मिळायचा. दिव्यांच्या उष्णतेने टाकी तापायची, म्हणून तिच्याभोवती नळी गुंडाळली होती. नळीतून पाणी सतत फिरत असायचं, आणि त्यात बर्फाचं पाणी किती मिसळायचं ते ढब्बू ठरवायचा. आजवर त्याने तक्रारीला जागा ठेवली नव्हती. आता मात्र तापमापकाचा काटा वरखाली नाचत होता.

"आज संध्याकाळी याला खोलायचा," मालूआत्या म्हणाली. ती इरावतीची सख्खी आत्या आणि कोरडवाडीची प्रमुख. तिच्यासमोर 'नाही' म्हणायची कोणाची टाप नव्हती. "सुटे भाग कामाला येतील. टाकी आपण हातांनी सांभाळू."

"नाही खोलायचा!" इरावती म्हणाली.

"इरा, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

"बोलणार. त्याची चूक काय, ते आधी दाखव."

"काटा दिसत नाही का तुला?"

"काटा टाकीचा आहे, ढब्बूचा नाही," असं ठणकावून इरावती तरातरा ढब्बूकडे गेली. लहानपणी तिला चालायला त्यानेच शिकवलं होतं. त्याचे स्क्रू निघताना ती गप्प बघत बसणार? छे!

"ढब्बू, तू पाणी कसं ठरवतोस?"

"काटा पाहतो, पाणी मिसळतो, पुन्हा काटा पाहतो. याला प्रत्याभरण म्हणतात (झालेला परिणाम पाहून पुढची कृती ठरवणं). शिवाय माझ्याकडे टाकीचं गणिती प्रतिरूप आहे (खरी टाकी कशी वागेल हे आधीच सांगणारी समीकरणं). त्यानुसार पाणी दोन मिनिटांत टाकीशी पोचतं."

"आणि नाही पोचलं तर?"

"पोचतंच. प्रतिरूपात तसं आहे."

इरावतीने कपाळावर हात मारला. स्वयंपाकघरातून मूठभर हळद आणून तिने ती बर्फाचं पाणी जिथे मिसळतं तिथे ओतली. नळीतलं पाणी शेवाळात मिसळत नव्हतं, त्यामुळे भीती नव्हती. मग टाकीजवळ नळीचा जो भाग काचेचा होता, त्यापाशी ती जाऊन बसली. दोन मिनिटं झाली. पाणी स्वच्छच. इरावती हलली नाही. पिवळा रंग दिसला तो तब्बल नऊ मिनिटांनी!

नळीच्या कडेकडेने ती मागे चालत गेली आणि गोम कळली. नळी पूर्वी सभागृहाच्या मधून जायची. पण तिथे वाडीच्या नाटकाचा रंगमंच होता, आणि तालमीत लोक तिला अडखळायचे. म्हणून गेल्या आठवड्यात मालूआत्याने नळी सभागृहाला पूर्ण वळसा घालून नेली होती. नाटक म्हटलं की आपल्या माणसांना दुसरं काही सुचत नाही, मग ती मंगळावर का असेनात! ढब्बूला मात्र कुणी अवाक्षर बोललं नव्हतं.

"आत्या, नळी तू लांबवलीस," सगळ्यांसमोर इरावती म्हणाली. "आता विलंबकाळ नऊ मिनिटांचा झालाय (केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला लागणारा वेळ). ढब्बू दोन मिनिटं थांबतो. काटा तरीही चढतानाच दिसतो, म्हणून आणखी गार पाणी मिसळतो. मग आणखी. शेवटी ते सगळं एकदम येऊन धडकतं आणि टाकी गारठते. तो मिसळणं थांबवतो, पण वाटेतलं गार पाणी येतच राहतं!"

मालूआत्या ओशाळली, पण क्षणभरच. "म्हणूनच म्हणते, हातांनी सांभाळू."

"नऊ मिनिटं हात आवरून बसेल असा एक माणूस दाखव वाडीत!"

इरावतीने ढब्बूला नवा आकडा सांगितला. "आणि वाटेत असलेलं पाणीही हिशेबात धर."

"धरलं," ढब्बू म्हणाला. त्याने बेताचं पाणी मिसळलं आणि तो थांबला.

काटा चढू लागला. "अरे, मिसळा की आणखी!" कोणीतरी ओरडलं. काटा लाल खुणेकडे सरकला तशी मालूआत्या स्वतः व्हॉल्व्हकडे धावली. इरावती हात पसरून आडवी उभी राहिली.

"बाजूला हो! शेवाळ मेलं तर आपण सगळे गुदमरू!"

"नाही होणार. पाणी निघालंय, वाटेत आहे."

तिचं गणित चुकलं असेल तर? तिला भयंकर भीती वाटत होती, तरी ती जागची हलली नाही.

काटा थांबला. मग हळूहळू उतरला आणि हव्या त्या खुणेपाशी येऊन स्थिरावला. सगळे डोळे फाडून बघत होते, पण तो पुन्हा नाचला नाही.

मालूआत्याने मोठा सुस्कारा सोडला. "ढब्बू, चुकले रे मी," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात दुसरी टाकी बसवतोय. तीही तूच सांभाळ."

"थांब," इरावती म्हणाली. "तिचं प्रतिरूप आधी मी आणि ढब्बू मिळून तयार करणार. आणि त्यानंतर एक नळी जरी कुणी हलवली, तरी आधी आम्हाला विचारायचं. तूसुद्धा!"