मथुरा, ओ दे

कंदिलाची वात जरा वाढवा नि ऐका. आणीबाणी उठली त्या सुमारास वसईत एका डॉक्टरांचं लहानसं इस्पितळ होतं, आणि तिथल्या ऑपरेशन थेटरात पापडी गावची सालोमी कामाला होती. सकाळी यायची, स्टोव्ह पेटवून हत्यारं उकळत ठेवायची, फिनेलनं फरशी पुसायची, धुतलेले कपडे पत्र्याच्या ड्रमात भरायची. पण तोरा असा, की मोठ्या सर्जननं वाट सोडावी! कुणी आया म्हटलं की बाईचं डोकं फिरायचं. "आया असेल तुझ्या घरी. मी नर्सिंग असिस्टंट आहे."

तिचं खरं काम मात्र पेशंटच्या उशाशी. तेव्हा ईथरची भूल असायची. सालोमीनं पेशंटचे हात पट्ट्यांनी टेबलाला बांधायचे, नाकातोंडावर गॉझची जाळी ठेवायची. डॉक्टर भालचंद्र वरून थेंब थेंब ईथर सोडणार, आणि हिनं कानाशी वाकून पेशंटला नावानं हाक मारत राहायचं. ओ येते आहे तोवर पेशंट जागा, सोडा आणखी ईथर. ओ थांबली की सुरी. आणि सगळं आटोपलं की परत नावानं हाक मारून त्याला शुद्धीवर आणायचं.

देवानं दिलेल्या तोंडानं करायचं काम, पण या बाईला नावं लक्षात ठेवायचा कंटाळा! कधीतरी मथुरा नावाची कुणी पेशंट आली असेल, तेवढं एक नाव जिभेवर बसलं. मग येईल ती मथुरा. वालीवच्या कारखान्यातली मथुरा, भाताच्या शेतावरची मथुरा, तिच्याच चर्चमधल्या फेबियनची बायको, तीही मथुराच. "शुद्ध जाणाऱ्या माणसाला कसलं आलंय नाव?" असं ती वॉर्डबॉय गंगारामला सांगायची नि फिदीफिदी हसायची.

अशात द्वारका आली. मिठागरात राबणारी, मिठानं पायांना भेगा पडलेल्या, पोटात गोळा. नवरा बाबू बाहेर बाकावर बसला होता. सालोमी हात बांधायला लागली तशी ती म्हणाली, "बाय, पानी द्या ना थोडं."

"पानी नाही, पाणी. आणि आता पाणीबिणी काही मिळायचं नाही." सालोमीनं पट्टा आवळला, जाळी ठेवली. "मथुरा, ओ दे."

"मी द्वारका हाय, बाय."

"मथुरा काय नि द्वारका काय! दोन्ही तुझ्या देवाचीच गावं ना? ओ दे म्हटलं की द्यायची."

"ओ..." जाळीखालून आवाज आला. मग आणखी बारीक, "ओ... बाय, माझं नाव घ्या ना..." मग काहीच नाही.

द्वारका उठली नाही. गोळा निघाला, टाके पडले, सालोमी "मथुरा, मथुरा" करत तिच्या गालावर चापट्या मारत राहिली, आणि शेवटी डॉक्टरांनी मान हलवून हातमोजे काढले. बाहेर बाबूनं सालोमीचे पाय धरले. "बाय, एकदा तिला तिच्या नावानं हाक मारा. उठंल ती. घरात पन नाव घेतल्याबिगर उठत नाय."

"मेलेली ओ देते होय रे?" सालोमी म्हणाली नि चहा प्यायला गेली. थू असल्या तोऱ्यावर!

त्यानंतरचं पहिलंच ऑपरेशन. भर सकाळ, खिडकीतून ऊन आलेलं, पलीकडच्या खोलीत स्टोव्ह फरफरत होता. टेबलावरची नालासोपाऱ्याची पोर केव्हाच गप्प झाली होती. सालोमीनं सवयीनं शेवटची हाक मारली, "मथुरा, ओ दे."

"ओ."

आवाज टेबलावरून आला नाही. मागून आला, कपड्यांच्या ड्रमापाशी. आणि ईथरच्या त्या गोडसर वासात ओल्या मिठाचा, चिखलाचा वास मिसळला.

"अजून जागी आहे," म्हणत डॉक्टरांनी आणखी ईथर सोडलं. पोरीचे ओठ निळे पडले, तेव्हा कुठे बाटली खाली ठेवली गेली. वाचली बिचारी, पण थोडक्यात. गंगाराम दारात उभा होता. "बाई... ड्रमामागं कोन हाय?"

"तुझी आजी," सालोमी फिस्कारली. पण त्या दिवसापासून ती ड्रमाकडे पाठ करून उभी राहीना. बरं, निदान नावं तरी पाठ केली? छे! हाक मारायचीच सोडली. नुसते ओठ हलवायची नि "गेली, गेली" म्हणून डॉक्टरांना सांगायची. कामचुकार ती कामचुकारच.

आणि मग एका सकाळी तिची स्वतःची डेल्फिन पोट धरून कळवळत आली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात, मुंबईला न्यायला वेळ नव्हता. एकुलती एक लेक, मास्तरीण व्हायला निघालेली, शुद्ध बोलणारी. आईच्या साऱ्या मिजाशीचं मूळ ही पोरच होती. "आय, तूच राहा ना उशाशी," डेल्फिन म्हणाली. सालोमीनं तिचे हात बांधले.

इथे ओठ हलवून भागणार नव्हतं. भूल कमी पडली तर जागेपणी सुरी. आणि जास्त झाली तर काय होतं, ते सालोमीनं पाहिलेलं होतं.

"डेल्फिन, ओ दे."

"ओ, आय."

"डेल्फिन..."

"ओ..."

"डेल्फिन."

शांत. सालोमीनं छातीवर क्रुसाची खूण केली.

"एकदा खात्री कर," डॉक्टर म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. नाव अगदी ओठांवर होतं हो, पोटच्या पोरीचं नाव! पण इतक्या वर्षांचं वळण पडलेली जीभ, ती कसली ऐकते! "मथुरा, ओ दे."

"ओ."

डॉक्टरांचा हात बाटलीकडे गेला.

"नको! डॉक्टर, ती नाही... ही ओ हिची नाही!"

"वेड लागलंय का तुला? मी स्वतः ऐकली."

थेंब पडू लागले. डेल्फिनचे ओठ निळसर झाले. मिठाचा वास असा दाटला की डोळे चुरचुरायला लागले. तेव्हा त्या बाईला अक्कल आली. ड्रमाकडे वळून, हात जोडून ती ओरडली, "द्वारका! द्वारका, चुकले गं मी! द्वारका, माझ्या पोरीला सोड!"

ओ आली नाही. वास मात्र एकदम गेला. डॉक्टरांनी चिडून तिच्याकडे पाहिलं, बाटली ठेवली, सुरी उचलली. ऑपरेशन नीट पार पडलं.

दुपारी वॉर्डात सालोमी लेकीच्या उशाशी बसली. "डेल्फिन, ऊठ गं." नाडी चांगली, श्वास चांगला, पण पापणी हलेना. हाका मारून मारून तिचा घसा बसला. तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली. घाबरत घाबरत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती म्हणाली, "द्वारका...?"

"ओ," पोरीनं डोळे उघडले. "बाय, पानी द्या ना थोडं."

डेल्फिन ठणठणीत बरी झाली, असं डॉक्टर सगळ्यांना सांगायचे. जेवायची, चालायची. फक्त डेल्फिन म्हणून हाक मारली तर वळून बघायची नाही, आणि दिवसभर कुंपणाशी उभी राहून मिठागराच्या वाटेकडे डोळे लावायची.

थेटर रिकामं झालं की सालोमी आत जायची, दार लावून घ्यायची. गंगाराम बाहेर झाडू घेऊन उभा असायचा, त्यानंच मला हे सांगितलं. आतून आधी सालोमीची हाक यायची, "डेल्फिन, ओ दे."

मग ड्रमापाशी कुणीतरी म्हणायचं, "ओ, आय... माझे हात सोड ना."