उष्ट्या पोळीचा फोटो

खट्...

दुपारच्या त्या निःशब्द घरात एवढासा आवाज झाला. पण दारातून आत पाऊल टाकणारी पूर्णिमा जागच्या जागी थबकली! रमजान लागल्यापासून तिचं बहारीनच्या सीफ भागातलं ऑफिस दोनलाच सुटायचं, आणि आज तर ती त्याहूनही अर्धा तास लवकर निघाली होती. आतल्या खोलीत सहा वर्षांची सावनी शाळेतून येऊन गाढ झोपली होती, बुदैया हायवेवरची वर्दळसुद्धा उपासानं पेंगल्यासारखी मंदावली होती... आणि तिच्या सासूबाई, अरुणाबाई, जेवणाच्या टेबलावर ओणवून, डोळे बारीक करून, सावनीच्या उष्ट्या ताटाचा फोटो काढत होत्या!

ताटात काय होतं? अर्धवट कुरतडलेली एक पोळी आणि न शिवलेली भाजी!

"अगंबाई! आज लवकर?" अरुणाबाईंचा हात झरकन पदराआड गेला.

"कसला फोटो काढत होतात, आई?"

"फोटो? छे गं... वाजले किती ते बघत होते."

समोरच्या भिंतीवर, त्यांच्या नाकासमोर, हातभर घड्याळ टिकटिकत होतं. पूर्णिमानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा सासूकडे... आणि चपला काढल्या. पण काळजात एक काटा रुतला तो रुतलाच!

आता उष्ट्या पोळीच्या फोटोनं एवढं काय बिघडतं, असं कुणीही म्हणेल. पण पूर्णिमाचं आयुष्यच फोटोंवर चालत होतं. एका विमा कंपनीत ती गाड्यांचे क्लेम तपासायची. चेपलेला दरवाजा, फुटलेला दिवा, खरचटलेला बंपर... दिवसाला साठ-सत्तर फोटो. तिच्या लेखी फोटो म्हणजे आठवण नव्हे, फोटो म्हणजे पुरावा! माणूस फोटो काढतो तो कुणाची तरी चूक दाखवायला, हे पाच वर्षांत तिच्या अंगात भिनलं होतं.

आणि या घरात कुणाची चूक दाखवून कुणाला काय मिळणार होतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. कारण सावनी... तिची सावनी, तिच्या श्वासाची सावनी... तिच्या पोटची नव्हती!

तीनदा कूस उजवता उजवता राहिली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिची थोरली नणंद लीना आपली अकरा दिवसांची मुलगी दुपट्यात गुंडाळून घेऊन आली होती. "मला एक अथर्व आहे, वहिनी. ही तुझी," एवढंच बोलून तिनं ते ऊबदार गाठोडं पूर्णिमाच्या ओटीत घातलं होतं. दत्तकाचा होम झाला, कागद झाले, सह्या झाल्या. पण ज्या क्षणी बाळ ओटीत आलं, त्याच क्षणी भयही आलं... दिलेलं परत मागितलं तर? आटलेलं दूध पुन्हा पान्हावलं तर? त्या भयापोटी पूर्णिमानं सासूबाईंचा हात ओढून बाळाच्या टाळूवर ठेवला होता. "शपथ घ्या, आई! हिचा एकही फोटो वन्संकडे जाणार नाही. आणि वन्सं हिच्यासमोर येणार नाहीत."

अरुणाबाईंनी शपथ घेतली होती. लीनानं मान खाली घालून ऐकली होती.

मग तिच्या नवऱ्याला, वरुणला, बहारीनला नोकरी लागली आणि मधे सबंध समुद्र आला. पूर्णिमाला तेवढं हायसं वाटलं. सासरी मिरजेला जाणं झालं ते एकदाच, तीन वर्षांपूर्वी, सासरे सदानंदराव गेले तेव्हा. त्यांच्या अंत्यदर्शनाला सगळा गाव लोटला, पण पोटची लेक लीना तेवढी आली नाही. 'माणूस म्हणावं की दगड!' असं तेव्हा पूर्णिमा मनात म्हणाली होती.

आणि आता सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. परत जायला नऊ दिवस उरले होते.

त्या दिवसापासून पूर्णिमाचे डोळे क्लेम तपासणाऱ्याचे झाले. एकदा सासूबाई बाथरूमच्या दाराशी पडलेल्या सावनीच्या ओल्या मोज्यांवर मोबाईल धरून उभ्या दिसल्या. एकदा दातांनी चावून चावून विद्रूप केलेल्या पेन्सिलीवर. एकदा तर कचऱ्याच्या डब्यातून तापाच्या औषधाची रिकामी बाटली काढून, पुसून, खिडकीशी उजेडात ठेवून! उपाशी मूल, ओले मोजे, आजारी मूल... हळूहळू फाईल तयार होत होती की!

"वरुण, आई लीनावन्संना काहीतरी पाठवतात रे."

"अगं, लेकीशी बोलणार नाही तर कुणाशी बोलेल?" वरुण लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. "तू ना, घरातसुद्धा सर्व्हेअर होऊन फिरतेस. उद्या मला विचारशील, हा ओरखडा कधीचा!"

तिला हसू आलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या बिल्किसनं तर आगीत तेल ओतलं. बिल्किस रत्नागिरीची, नवऱ्याचं मुहर्रकला कापडाचं दुकान, आणि जीव असा मोकळा की पोटात काही राहील तर शपथ! लिफ्टमध्ये भेटली तशी म्हणाली, "भाभी, तुमची सासू म्हणजे आमचा दुपारचा रेडिओ! रोज येतात, गॅलरीत बसतात, मोबाईलात अर्धा अर्धा तास बोलतात. मीच शिकवलं ना, बटण दाबून कसं बोलायचं ते. कान नाय देत हां मी, अल्ला कसम! पण परवा रडत होत्या. 'पूर्णिमाला कळता कामा नये' म्हणत होत्या... भांडण-बिंडण आहे का घरात?"

"नाही हो," पूर्णिमा म्हणाली आणि लिफ्टचा दांडा घट्ट धरला.

त्याच संध्याकाळी भाजी निवडता निवडता अरुणाबाई सहज बोलल्यासारख्या बोलल्या, "सावनीच्या शाळेला ईदची सुट्टी लागेलच ना आता? पाठवशील माझ्याबरोबर? आठ-दहा दिवस... गाव बघेल पोर."

मेथीची जुडी पूर्णिमाच्या हातातून निसटली. एवढे दिवस सैल लोंबणारे सगळे धागे एका क्षणात एकत्र आले आणि त्यांचा फास झाला! फोटो... लीना... कळता कामा नये... आणि आता ही सुट्टी! एकदा का पोर तिकडे गेली की हे पुरावे पुढे करायचे, 'बघा, नोकरी करणाऱ्या बाईनं कशी वाढवली' म्हणायचं, आणि...

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की अरुणाबाईंच्या हातातली सुरी खाली पडली.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी वरुण सावनीला अरादच्या किल्ल्याजवळ सायकल चालवायला घेऊन गेला. दार बंद झालं आणि पूर्णिमा सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, आज खरं सांगा. माझी मुलगी मला परत द्यावी लागणार आहे का?"

"पूर्णिमा! काय बोलतेस हे?"

"मी सगळं पाहिलंय! उष्टं ताट, ओले मोजे, औषधाची बाटली... माझ्या घरातला कचरा उपसून तुम्ही माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करताय आणि लीनावन्संना पाठवताय! मी नोकरी करते म्हणून मी आई नाही? तिला गोवर आला तेव्हा उराशी कोण घेऊन बसलं होतं? तुम्ही या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीत, आई! ती मोडलीत तुम्ही!"

अरुणाबाई क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या. "शपथ?... मोडली असती तर बरं झालं असतं गं बाई... मोडली नाही, म्हणून तर कचरा उपसत होते!"

त्यांनी मोबाईल काढला, लीनाचं चॅट उघडून तिच्या हातात दिला आणि खुर्चीवर बसल्या. "घे. तू तर फोटोच तपासतेस ना? तपास. शपथ मोडणारा एक जरी फोटो सापडला, तर आजच्या विमानानं जाते मी."

पूर्णिमा उभ्यानंच फोटो सरकवू लागली. एक, दोन, दहा, शंभर... पोळी. मोजे. पेन्सिल. उशीवर पडलेला खळगा आणि त्यात एक लांब केस. वाळूत उमटलेलं पाऊल. रिकामा झोपाळा, नुकतंच कुणी उडी मारून गेल्यासारखा हलता. दाराच्या चौकटीवरची उंचीची रेघ. काचेवर उमटलेले पाच बोटांचे ठसे...

फोटो तीन-चारशे असतील. आणि एकातही सावनी नव्हती! चेहरा नाही, पाठ नाही, हाताचं बोटसुद्धा नाही. शपथेचं अक्षर न् अक्षर पाळलेलं होतं.

प्रत्येक फोटोखाली सासूबाईंचा आवाज होता. पूर्णिमाचा अंगठा पोळीवर पडला आणि त्या शांत घरात अरुणाबाई दुसऱ्यांदा बोलू लागल्या, "लीना, ही बघ आजची पोळी. मधलं मऊ मऊ खाल्लं नि कडा ठेवली. म्हणते, आजी, हा चंद्र आहे, ईद येणार ना! भाजीला हात लावला नाही, अगदी तुझ्यासारखी हट्टी. पण तिची आई मोठी हुशार हो, संध्याकाळी तीच भाजी थालीपिठात लपवून घालते..."

पुढचा. औषधाची बाटली. "ताप उतरला बरं का. काळजी करू नकोस. पूर्णिमानं दोन दिवस रजा काढली, पोरीला मांडीवरून खाली म्हणून ठेवलं नाही. स्वतः चहावर राहिली. लीना, तू दिलंस ते योग्य ओटीत दिलंस गं..."

त्याच्याखाली लीनाचं उत्तर. अवघ्या चार सेकंदांचं. "बघितलं गं आई... पोटभर बघितलं."

आणि आणखी एक, जरा कठोर आवाजातलं. "आई, परवा तू 'तुझी लेक' म्हणालीस. पुन्हा म्हणालीस तर मी पुढचं ऐकणार नाही. पूर्णिमाची लेक म्हण. आणि हे तिला कळता कामा नये... उगाच जिवाला लावून घेईल ती."

पूर्णिमा फरशीवरच बसली, सासूच्या पायांशी. पण अंगठा थांबेना. शेवटच्या, म्हणजे सगळ्यात पहिल्या फोटोशी येऊन तो थांबला. उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या दोन इवल्याशा लाल चपला. एकीचा पट्टा तुटलेला, सेफ्टी पिन लावून सांधलेला.

ती पिन तिनंच लावली होती! मिरजेला, सासऱ्यांच्या...

"हा... हा फोटो कुणी काढला, आई?"

"लीनानं." अरुणाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. "तू म्हणायचीस ना, बापाच्या अंत्यदर्शनालाही आली नाही म्हणून? आली होती गं! तुमच्या आधी आली होती. तुमची गाडी वळणावर दिसली आणि शेजारणीच्या, काशीबाईंच्या घरात मागच्या दारानं शिरली. समोरच तर घर. दिवसभर तिथल्या खोलीत खिडकी लावून बसली... बापाची तिरडी उचलली तरी उघडली नाही तिनं ती! म्हणाली, खिडकी उघडली आणि पोरीवर नजर पडली, तर वहिनीचा शब्द मोडेल. संध्याकाळी तू सावनीला घेऊन आत पडली होतीस, तेव्हा तेवढी उंबऱ्यापर्यंत आली. बापाच्या दिव्याला नमस्कार करायला आली होती, पूर्णिमा... आणि चपलांपाशी बसली! हात लावला नाही. एक फोटो काढला आणि मला म्हणाली, आई, यात ती नाही ना? मग हे चालेल ना?"

ऑफिसात पूर्णिमा रोज किती क्लेम परत पाठवायची... गाडीचा नंबर दिसत नाही, फोटो बाद! आणि इथे एक आई, चेहरा नसलेल्या चारशे फोटोंवर सहा वर्षांची भूक भागवत होती. 'माणूस म्हणावं की दगड!' स्वतःचेच शब्द स्वतःच्याच कपाळावर येऊन आदळले.

"आणि तुम्ही... सुट्टीत तिला न्यायचं म्हणालात ते?"

अरुणाबाईंनी नजर खाली वळवली. "ते मात्र माझं चुकलं. लीनाला त्यातलं काही ठाऊक नाही. वाटलं, लांबून एकदा... रस्त्यावरून जाताना... माझ्या शपथेला पळवाट शोधत होते मी. शेवटी तिचीही आईच ना मी!"

"आई!" पूर्णिमानं त्यांच्या मांडीवर डोकं टाकलं आणि ती हमसून हमसून रडली. म्हातारा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. "वेडी आहेस. तुला भय वाटलं, त्यात तुझा काय दोष? मिळालेलं माणूस जपतंच गं. देणारीला जसं सोपं नसतं, तसं घेणारीलाही नसतं."

बऱ्याच वेळानं ती उठली. डोळ्यांवर पाणी मारलं. सासूबाईंचा मोबाईल पदरानं... पदर कुठला, टी-शर्टच्या टोकानं... स्वच्छ पुसला आणि म्हणाली, "मी घातलेली शपथ मी मागे घेते, आई. आज पहिला फोटो मीच काढणार. आणि फोटोखालची गोष्टही मीच सांगणार वन्संना. ईदला आपण सगळेच जाऊ. काशीबाईंच्या घरी नाही, आपल्या घरी बोलवा त्यांना."

तेवढ्यात बेल वाजली. उन्हानं लालबुंद झालेली सावनी धापा टाकत आत आली, मागून सायकल सावरत वरुण. "आई, गेस व्हॉट! माझा टूथ पडला! बाबाच्या पॉकेटमध्ये आहे!" आणि तिनं समोरची खिंडार पडलेली दंतपंक्ती दाखवत असं काही हास्य केलं की अरुणाबाईंना पुन्हा हुंदका आला. वरुण दोघींच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत दारातच घुटमळला.

"अशीच उभी राहा. हस," पूर्णिमा मोबाईल वर धरत म्हणाली. "लीना आत्याला फोटो पाठवायचाय."

"वेट! मला आधी बघू दे." सावनीनं मोबाईल हातातून घेतलाच. तिची छोटी बोटं भराभर फिरू लागली. "हे! ही माझी पेन्सिल! हे माझे सॉक्स... माझा स्विंग! आजी, तू सगळं माझंच काढलंस?" ती खुदखुदली. मग पुढे, आणखी पुढे सरकवत गेली. हळूहळू तिचं हसू मावळलं, कपाळावर एक आठी पडली. तिनं मान वर करून आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे.

"पण आई... माझं सगळं आहे यात. मग मी का नाहीये?"