आत माणूस आहे

ही गोष्ट खरी आहे. मी ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकं लावली, त्यामुळे लोक म्हणतील, म्हाताऱ्याने कुठेतरी वाचलं असेल. मलाही तसंच वाटावं, म्हणून बरीच खटपट केली. पण गेल्या मंगळवारी, भर दुपारी, माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात सुतारही हजर होता.

घराचा मालक मी कधी पाहिला नाही. घर एक कंपनी सांभाळते. तक्रार फोनवर करायची, उत्तर मेसेजवर येतं.

माझी तक्रार साधी होती. बाथरूमच्या दाराची कडी आपोआप आतून लागते.

माझी मोठी बहीण, ताई, खुब्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे राहायला येणार होती. ती आत पडली आणि दार अडकलं तर?

तीनदा तक्रार केली. तीनदा एकच मेसेज आला.

‘तक्रार बंद. भाडेकरूने दुरुस्ती नाकारली.’

मी तर दिवसभर घरातच होतो...

फोन केला. ऑफिसातली मुलगी म्हणाली, “काका, सुतार येऊन गेला. घरातल्या बाईंनी परत पाठवलं.”

“घरात बाई नाहीत.”

“भांडण झालंय का? आधी ते मिटवा, मग फोन करा.”

“अहो, माझं लग्नच झालेलं नाही.”

ती हसली. मीच ओशाळलो. वाटलं, वाचता वाचता माझा डोळा लागला असेल.

म्हणून मंगळवारी बाहेरचं दार सताड उघडं ठेवून तिथेच खुर्ची टाकून बसलो. बाथरूमच्या दारालाही बादली अडकवून ठेवली.

बारा वाजता सुतार आला.

“आज तुम्ही आहात होय? एरवी बाई दार किलकिलं करून सांगतात... आत माणूस आहे, नंतर या.”



आम्ही आत गेलो.

बाथरूमचं दार बंद होतं. बादली भिंतीशी नीट ठेवलेली...

सुताराने सवयीने टकटक केलं.



मग आतूनही टकटक झाली. दोनदा. हळूच.

सुताराने पिशवी उचलली. “आत माणूस असताना दाराला हात लावायचा नाही, असा नियम आहे,” एवढंच बोलला. फॉर्मवर लिहिलं, ‘दुसरी व्यक्ती आत राहते,’ आणि माझ्यापुढे धरला. कुणाला नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही.

मी सही केली.

तेव्हापासून ते दार बंदच आहे. पाणी येत नाही असं सांगून मी शेजाऱ्यांकडे अंघोळीला जातो.

ताईला फोनवर म्हटलं, इकडे नको, दुसरं घर बघतो.

“मी जड झाले का रे तुला?”



नवं घर मिळालं. पण तिथे आधीचं घर सोडल्याचा कागद मागतात. मी कंपनीला फोन केला.

“काका, आता नोंद दोघांची आहे,” मुलगी म्हणाली. “अर्जावर दोघांच्या सह्या लागतील.”

काल दुपारी मी अर्जावर सही केली. मग तो पेनासकट बाथरूमच्या दाराखालून आत सरकवला. स्वतःचीच लाज वाटली.

आज सकाळी अर्ज बाहेर आला होता...

पेन आतच राहिलं.

दुसरी सही नव्हती.

माझी सही मात्र एका सरळ रेघेने खोडलेली होती.

उद्या ताईला दवाखान्यातून सोडतायत. तिला कुठे न्यावं, मला कळत नाही...