पांघरलेले बटाटे

सकाळी रुफिना पठारावर पोचली आणि जागच्या जागी किंचाळली!

तिच्या सगळ्या बटाट्यांवर निळी ताडपत्री... कडांना दगड ठेवून अगदी नीट दाबलेली. शेजारी एक उंच, सावळा, परका तरुण हात काखेत घालून कुडकुडत बसला होता. तिला बघून तो असा हसला, जणू आता शाबासकीच मिळणार!

"रात्री काय गारठा पडला!" दातांवर दात वाजवत तो म्हणाला. "तुमचे बटाटे कुणीतरी उघड्यावरच विसरलं होतं. मेले असते बिचारे. म्हणून मी पांघरूण घातलं. कडेच्यांना माझं ब्लँकेटसुद्धा दिलं..."

"अंगाई म्हटलीस की नाही?"

"अं?"

"अरे शहाण्या, ते गोठायलाच पसरले होते!"

खालच्या गरम मुलुखातला माणूस, त्याला कसं कळणार? इथे, वर, जून महिन्यात, ऐन हिवाळ्यात, सगळं गाव हेच करतं. रात्री बटाटे गोठवायचे, दिवसा उन्हात वितळू द्यायचे. तीन रात्री झाल्या की तुडवून पाणी काढायचं आणि खडखडीत वाळवायचे. त्याचा चुन्यो होतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. नुसत्या उन्हात बटाटा सडतो, नुसत्या थंडीत दगड होतो. दोघं आलटूनपालटून छळतात, तेव्हाच तो टिकाऊ होतो.

"कालची तिसरी रात्र होती," रुफिना म्हणाली. "आणि तिकडे बघ..."

पूर्वेकडून ढग येत होते. ढग म्हणजे ऊब. आणि आज रात्री गारठा पडला नाही, तर अर्धे गोठलेले बटाटे दोन दिवसांत सडणार. कोठार रिकामं होतं. बाबांचा पाय मुरगळलेला. बटाटे गेले तर रुफिनाला एल आल्तो शहरात आत्याच्या खानावळीत भांडी घासायला जावं लागणार होतं. हे सगळं तिने त्याला रागारागात सांगून टाकलं. का सांगितलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मी यामिल," तो हळूच म्हणाला. "विजेचे खांब रोवायला आलोय. आणि... चुकलो."

त्यावर काय भांडणार? चूक एवढ्या चटकन कबूल करणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला होता!

दिवसभरात तो चार वेळा आला. दर वेळी आधी आभाळाकडे बघायचा, मग तिच्याकडे.

"माझ्याकडे बघून ढग जाणार आहेत का?" शेवटी ती म्हणाली.

"नाही. पण तुझ्याकडे बघितलं की मला धीर येतो."

"खांब रोव जा!"

"रोवले. तीन. एक वाकडा गेला... लक्ष नव्हतं."

तिने तोंडावर शाल ओढली. थंडीसाठी नाही हं, हसू दिसू नये म्हणून!

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा दक्षिणेकडून बोचरा, कोरडा वारा सुटला. ढग विरत गेले, आभाळ काचेसारखं झालं. आणि यामिल — जो तीन स्वेटर घालूनही दिवसभर कुरकुरत होता — उड्या मारत धावत आला.

"रुफिना! कान गेले माझे! नाक लागतच नाही हाताला! किती छान थंडी आहे!"

ती पोट धरून हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला तिने तोंड फिरवलं... पण त्याने पाहिलंच.

"आयुष्यात पहिल्यांदा थंडी मागितली मी," तो म्हणाला. "तू जाऊ नयेस म्हणून..."

दोघं आपले बटाट्यांकडे बघत राहिले.

सकाळी पठार मीठ सांडल्यासारखं पांढरं होतं. बटाटे दगड झाले होते! ऊन वर आलं तशी सालं मऊ पडली. रुफिनाने ढीग केले आणि अनवाणी तुडवायला लागली. टाच टेकवायची, हलकेच फिरवायची, साल निघालं पाहिजे पण बटाटा फुटता कामा नये. पण ढीग होते अकरा आणि पाय दोनच. संध्याकाळी बटाटे परत गोठले की सगळं फुकट.

यामिलने बूट काढले.

"थांब!" ढिगाच्या कडेला मुरगळलेल्या पायाला पट्टी बांधून बसलेले तिचे बाबा, तेओदोसियो, गरजले. "चुन्योला परक्याचा पाय लागत नाही. या गावात घरचीच माणसं तुडवतात. रुफिना, हा कोण?"

सगळं पठार कान देऊन ऐकतंय असं तिला वाटलं. खांब रोवून झाले की हा निघून जाणार. खाली, आंब्यांच्या मुलुखात... त्याचे पाय गारठून निळे पडले होते, तरी तो तसाच उभा होता. आणि ती? कालपर्यंत बाबांसमोर मान वर न करणारी ती!

"घरचा आहे," ती म्हणाली.

बाबांच्या भुवया हॅटमध्ये गेल्या.

"म्हणजे... होईल," ती घाईघाईने म्हणाली. कान नुसते पेटले होते. "त्याला चालत असेल तर—"

"चालतं!" यामिल एवढ्या मोठ्याने ओरडला की बाजूला चरणाऱ्या लामा उधळल्या.

बाबांनी त्याच्या निळ्या पायांकडे बघितलं. मग खाकरले.

"मग उभा काय राहिलायस, जावईबापू? तुडव. ऊन उतरायला लागेल."